दारावर 1674

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्समध्ये, व्हार्फ नदीच्या वरच्या खोऱ्यात एक शेतघर आहे. गाव सांगत नाही, कारण तिथे माणसं राहतात आणि त्यांना प्रेक्षक नको आहेत. त्या घराची मापं घेऊन आराखडे काढायचं काम आमच्या गटाकडे आलं आणि त्यातलं बरंचसं माझ्या गळ्यात पडलं. तक्रार नाही, मीच हात वर केला होता.

आमचा गट म्हणजे जुनी साधी घरं मोजत हिंडणारी हौशी मंडळी: निवृत्त मास्तर, एक सुतार, इतिहासाच्या एक बाई, आणि मी. किल्ले, चर्च, जहागीरदारांचे बंगले यांच्या वाटेला आम्ही जात नाही. त्यांच्याकडे बघायला बाकी जग आहे. शेतकऱ्याचं घर, त्याचा गोठा, दुभत्याची खोली, एवढ्यातच आमचा जीव. पैसे घेत नाही. अहवालाची एक प्रत मालकाला, एक दप्तरात. मी मूळची वाईची, हल्ली लीड्समध्ये सांडपाण्याच्या वाहिन्यांचं डिझाइन करते. शनिवारी दगडी घर मोजायला निघाले की नवरा म्हणतो, आठवडाभर जमिनीखाली असतेस, एक दिवस तरी वर ये.

मालकीणबाईंनी आम्हाला बोलावलं त्यामागे कौतुक कमी, गरज जास्त होती. जपायच्या जुन्या इमारतींची जी सरकारी यादी असते, तिच्यात घर ‘ग्रेड टू’ म्हणून नोंदवलेलं. इंग्लंडमधल्या नोंदणीकृत इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त याच श्रेणीत येतात, आणि 1700 च्या आधीचं घर मूळ रूपात बऱ्यापैकी टिकलं असेल तर ते यादीत असतंच म्हणा ना. सगळ्यात खालची श्रेणी म्हणजे थोडी ढिलाई असेल असं वाटतं. तसं काही नाही. 1990 च्या कायद्यानुसार संमती न घेता घराच्या वैशिष्ट्यावर परिणाम होईल असा बदल केला तर तो फौजदारी गुन्हा आहे, आणि हे आतल्या कपाटालाही लागू. संमतीच्या अर्जाला फी नाही, पण सोबत आराखडे लागतात आणि या घरात मोलाचं काय आहे हे लिहून द्यावं लागतं. बाईंना बाहेरच्या भिंतीतलं सिमेंट काढायचं होतं आणि मागच्या बाजूला थोडी सोय करून घ्यायची होती. घरात मोलाचं काय, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? जन्म तिथेच गेलेला.

(जाता जाता: नवं घर बांधलं तर त्यावर व्हॅट शून्य, जुनं दुरुस्त केलं तर 20 टक्के. हा न्याय मला अजून कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.)

यादीतली नोंद काही ओळींची. अशा बऱ्याच नोंदी 1980 च्या दशकात एका मोठ्या फेरीत झाल्या, आणि पुष्कळदा निरीक्षक बाहेरूनच बघून पुढे जात. आमच्या घराच्या नोंदीतही शेतघर, 1674, डबर दगड, पाषाणी फरशांचं छप्पर, एवढंच. 1674 आलं कुठून? दारावरून. लिंटेलवर, म्हणजे दारावरच्या आडव्या दगडावर, ते साल कोरलेलं आहे आणि वर तीन अक्षरं: माथ्यावर आडनावाचं, खाली एकीकडे नवऱ्याचं, दुसरीकडे बायकोचं. सतराव्या शतकातल्या या भागातल्या घरांवर ही तऱ्हा सर्रास दिसते. बायकोचं अक्षर त्याच मापाचं असतं, हे मला दरवेळी बरं वाटतं.

गटातल्या इतिहासाच्या बाईंचा एक दंडक आहे. पोचल्यावर पहिला तासभर टेप पिशवीतून काढायची नाही. नुसतं घराभोवती फिरायचं, हात मागे बांधून. पाऊस असला तरी. त्या दिवशी होता.

भिंती चुनखडीच्या दगडाच्या, फिकट राखाडी, मिळेल त्या आकाराच्या. पण कोपऱ्याचे दगड, दाराची चौकट, खिडक्या हे सगळं तपकिरी रेतीच्या दगडाचं, ग्रिटस्टोनचं. यामागे सजावटीची हौस नव्हती. खोऱ्याच्या तळाशी चुनखडी पायाखालीच मिळते, पण तिच्यातून सरळ धारेचा लांब दगड काढणं अवघड. ग्रिटस्टोन वरच्या डोंगरातून आणावा लागतो, मात्र तो छिन्नीला ऐकतो. म्हणून जिथे कोन हवा तिथेच तो वापरायचा. घरात पैसा किती होता हे बघायचं असेल तर तपकिरी दगड किती आहे ते बघावं. इथे पुढच्या भिंतीत भरपूर, मागच्या भिंतीत जेमतेम.

पुढच्या खिडक्या रुंद आणि बुटक्या, मधे दगडी उभ्या पट्ट्या, म्हणजे मलियन, आणि वर पावसाचं पाणी बाजूला काढणारी दगडी पापणी. मागे उत्तरेच्या भिंतीत एक उभी, वीतभर रुंदीची फट बुजवलेली. मालकीणबाई लगेच म्हणाल्या, “ती खिडकीपट्टीतली.” खिडक्यांवरचा कर इंग्लंडमध्ये 1696 ते 1851 होता, आणि देशातल्या प्रत्येक बुजवलेल्या खिडकीचं खापर त्याच्यावर फुटतं. काही ठिकाणी ते खरंही असतं. दूध आणि चीज ठेवायच्या खोल्यांना या करातून सूट होती, म्हणून काही जुन्या घरांच्या खिडकीवर तसं लिहिलेलं अजून सापडतं. पण वीतभर फट बुजवून कुणाचा असा किती कर वाचला असेल? मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढे गेले.

घराला लागून, त्याच छपराखाली गोठा. घर आणि गोठ्याच्या मधोमध भिंतीत खालपासून वरपर्यंत एक सरळ उभा सांधा. दगडकामात असा सांधा दिसला की दोन्ही बाजू एका वेळी बांधलेल्या नाहीत हे नक्की. पण आधीची कुठली? तर कोपऱ्याचे घडीव दगड कुठल्या बाजूला आहेत ते बघायचं. घराच्या बाजूला ते आलटून पालटून नीट बसवलेले होते, गोठ्याच्या बाजूला नुसता डबर त्यांना टेकलेला. म्हणजे एके काळी घर तिथे संपत होतं, त्याला स्वतःचा कोपरा होता, गोठा मागाहून आला. निदान माझं मत तसं झालं. आमचे सुतारकाका तोंड वाकडं करून उभे होते. त्यावर पुढे येते.

मग टेप निघाली. मापं घेण्यात अक्कल लागते ती एकाच गोष्टीत: प्रत्येक खिडकी, प्रत्येक भिंत सुटी मोजून बेरीज करत बसायचं नाही. प्रत्येक मापात थोडी चूक असते आणि ती साठत जाते. भिंतीच्या एका टोकाला टेपचा शून्य धरायचा आणि ती तशीच ताणलेली ठेवून ओळीने आकडे वाचत जायचे. दार इथे सुरू, इथे संपलं, खिडकी इथे सुरू. शिवाय प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण. अशा घरात काटकोन असेल असं मानून चालणं हे धाडस आहे. लेसरचं यंत्र असतं आमच्याकडे, पण गुडघ्याएवढ्या फुगवट्याच्या भिंतीवर तो लाल ठिपका नेमका कशाचं अंतर सांगतोय ते कळत नाही. ओळंबा आणि टेप बरी.

आतला मुख्य भाग म्हणजे चुलाण्याची मोठी खोली. याच खोलीत स्वयंपाक, जेवण, बैठक, सगळं. आपल्या माजघराला ओटी जोडून द्या. एका टोकाला छतालगत जाडजूड ओकची तुळई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली. तिच्या वरच्या अंगाला ओळीने रिकाम्या खाचा आहेत, पाटावर उभी राहून बोटांनीच कळतात. त्या खाचांत कधीकाळी उभ्या काठ्या बसवलेल्या होत्या आणि त्यांवर मातीचा लेप देऊन धूर वर नेणारं भलंमोठं झाकण केलेलं होतं. त्या झाकणाखाली नुसती चूल नव्हती, माणसं बसायची. बाजूच्या भिंतीत एक छोटीशी खिडकी केवळ चुलाण्यापाशी उजेड यावा म्हणून, आणि शेजारी मीठ-मसाल्याचा कोनाडा, ऊब लागून मीठ कोरडं राहावं म्हणून. आज तिथे गॅसचं शोभेचं यंत्र आहे. असो.

तुळईवर टॉर्च आडवी धरली तेव्हा ज्योतीने मुद्दाम भाजलेले थेंबाच्या आकाराचे काळे डाग दिसले, आणि कर्कटकाने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल. अशा खुणा इंग्लंडभर दारं, खिडक्या आणि चुलाण्यांपाशी सापडतात. वाईटसाईट घरात शिरू नये म्हणून त्या केल्या असाव्यात असं बहुतेक अभ्यासक मानतात. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही, तिरका टाकला की उठून येतं. न्यूटनचा जन्म झाला ते वूल्सथॉर्पचं घरही चुनखडीचं शेतघरच. तिथे 2017 मध्ये प्रकाशाच्या अशाच तंत्राने चुलाण्याजवळ पवनचक्कीची रेखाकृती सापडली, न्यूटनने लहानपणी काढलेली असावी अशी. आमच्या फुलाचा कर्ता कोण कुणास ठाऊक. दृष्ट काढणाऱ्या घरात वाढलेल्या मला ते समजून घ्यायला फार कष्ट पडले नाहीत.

या खोलीतून पलीकडच्या बैठकीच्या खोलीत जाताना दाराच्या जागी मी टेप आडवी धरली आणि थबकले. 68 सेंटीमीटर. बाहेरच्या भिंती साधारण 66. घरातल्या घरात खोल्या वेगळ्या करायला कुणी इतकी जाड भिंत बांधत नाही. फळ्यांची किंवा काठ्या-गिलाव्याची असते, वीतभराची. आतली भिंत बाहेरच्या भिंतीएवढी जाड असेल तर ती एके काळी बाहेरचीच होती. म्हणजे जुनं घर इथे संपत होतं.

पुरावा माळ्यावर मिळाला. वर जाण्याआधी वटवाघळांची चौकशी करावी लागते. त्यांचं वसतिस्थान कायद्याने संरक्षित आहे आणि त्यांना त्रास देणं गुन्हा. मालकीणबाईंनी आधीच तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली होती. तरी मी सवयीने लेंडी चुरून बघितली. वटवाघळाची असेल तर भुगा होतो, उंदराची होत नाही. भुगा झाला नाही.

माळ्यावर तीच जाड भिंत छपरापर्यंत चढते, आणि तिच्या अंगावर एक तिरकी रेघ स्पष्ट दिसते. रेघेच्या खाली जुनं, धुराने काळवंडलेलं दगडकाम. वर वेगळ्या हाताचं, स्वच्छ. ती रेघ म्हणजे जुन्या छपराचा उतार, जवळजवळ 50 अंशांचा. आताचं छप्पर 30 अंशांच्या आसपास आहे. एवढा फरक कशासाठी? गवताच्या किंवा हेदर या डोंगरी झुडपाच्या छपराला पाणी पटकन ओघळून जावं म्हणून उभा उतार लागतो. पाषाणी फरश्या जड. उतार फार उभा ठेवला तर खुंट्यांवर ताण येतो. खाली मोठ्या, वर जाता जाता लहान अशा त्या ओळी असतात. गवत काढून दगड घालायचा तर भिंती उंचवाव्या लागल्या आणि उतार कमी करावा लागला. भिंतीवरची रेघ म्हणजे त्या कामाची नोंदच होती.

आणि छपराच्या आडव्या वाशांपैकी दोन जरा जास्तच वाकडे निघाले. सुतारकाका त्यांच्यापाशी जाऊन बसले ते हलेचनात. वाशांना कशालाही न जोडलेल्या खाचा होत्या, मोकळी भोकं होती. ही क्रकची लाकडं. जमिनीपासून आढ्यापर्यंत जाणारी वाकड्या लाकडांची जोडी उभी करायची, तशा दोन-तीन जोड्या ओळीने लावायच्या आणि सगळा भार त्यांवर टाकायचा, भिंत नुसता आडोसा. डेल्समधली जुनी घरं अशी असत. नवं छप्पर घालताना जुनी लाकडं फेकली नाहीत, आडवी करून वापरली. लाकडाच्या वर्तुळांवरून झाड कोणत्या वर्षी तोडलं ते ठरवता येतं, पण त्यासाठी साधारण पन्नासेक वर्तुळं तरी लागतात. आमची लाकडं भरभर वाढलेली, वर्तुळं मोजकी. तो मार्ग बंद झाला.

तरी चित्र उभं राहत होतं. आधी एका मोठ्या खोलीचं, गवताच्या छपराचं घर. मग 1674 मध्ये कुणा जोडप्याने पलीकडे बैठकीची खोली वाढवली, भिंती उंचवल्या, दगडी छप्पर घातलं, पुढच्या दर्शनी भिंतीत नव्या खिडक्या बसवल्या आणि दारावर आपली अक्षरं कोरली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने 1953 मध्ये ‘मोठी पुनर्बांधणी’ अशी कल्पना मांडली: सोळाव्या शतकाच्या शेवटापासून ग्रामीण इंग्लंडने आपली घरं नव्याने बांधली, आणि उत्तरेकडे ही लाट उशिरा आली. त्याच्या सालांवर नंतर बरेच वाद झाले, पण आमचं घर त्या उशिराच्या लाटेत चपखल बसतं. जमिनीवरचा हक्क पक्का झाला, चार पैसे गाठीला आले, की शेतकरी दगडात पैसे घालतो. आणि साल कोरतो. ते साल घराच्या जन्माचं असतंच असं नाही, ऐपतीचं असतं.

खरी गंमत घरी येऊन कागदावर आराखडा काढताना झाली. पन्नासास एक प्रमाणात आधी बाहेरची चौकट, मग आत एकेक खोली. पुढची बाजू जुळली. मागची जुळेना. मागच्या भिंतीची बाहेरची लांबी 14.62 मीटर. आतून खोल्या आणि भिंतींच्या जाड्या मिळून 13.44. एक मीटर अठरा सेंटीमीटर घर गायब. ओळीने घेतलेली मापं असल्यामुळे बेरजेची चूक शक्य नव्हती. गायब जागा नेमकी चुलाण्याच्या मागच्या कोपऱ्यात, दुभत्याच्या खोलीच्या अलीकडे पडत होती. आणि बाहेरून बघितलं तर बुजवलेली ती वीतभर फट बरोबर त्याच जागी.

परत गेलो. त्या जागी खोलीच्या बाजूने लाकडी फळ्यांची पॅनेलिंग आहे, शंभरेक वर्षांची असावी. सुतारकाका म्हणाले, दोन खिळे काढले की काम. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, संमतीशिवाय एकही खिळा निघणार नाही. दोघांचा आवाज चढला. पॅनेलला खाली एक गाठ गळून पडलेलं भोक होतं, अंगठ्याएवढं. माझ्या गाडीत तुंबलेल्या पाइपांत घालायचा कॅमेरा होता, ऑफिसचा. (ऑफिसला हे सांगितलेलं नाही.) वायर आत सरकवली. धूळ, जळमटं, एक फुटकी बाटली, आणि मग दगडी पायरी. तिच्या वर आणखी एक, डावीकडे वळणारी. फिरता जिना. पायऱ्या एका बाजूने झिजून खोलगट झालेल्या, वर माळ्याच्या फळ्यांनी तोंड बंद. बाजूच्या भिंतीत बुजवलेली फट आतून दिसत होती. जिन्यात उजेड यावा म्हणून ठेवलेली ती खिडकी होती. पुढे मधोमध लाकडी जिना झाला, हा निकामी ठरला, जिना गेला तशी खिडकीही गेली. कराचा काही संबंध नव्हता.

मालकीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या आजीचं कपाट त्याच्यापुढेच होतं!”

आता सिमेंटचं. मला इंजिनिअर म्हणून याच्यातच जास्त रस. अशी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती: बाहेरची एक, आतली एक, मधे बारीक दगडांची भर आणि चुना-माती. दोन्ही बाजूंना जखडून ठेवायला ठरावीक अंतरावर आरपार दगड. पाऊस अशा भिंतीत थोडा शिरतोच, आणि दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून वाळून बाहेर जातो. गेल्या शतकात कुणीतरी या दरजा सिमेंटने भरल्या. सिमेंट पाण्याला बाहेर पडू देत नाही. मग ओल दगडातून वाट काढते. कोपऱ्याच्या ग्रिटस्टोनचे पापुद्रे सुटलेले होते आणि सिमेंटच्या रेघा मात्र जिथल्या तिथे, भिंतीच्या पुढे आलेल्या. आतल्या खोलीत ओल धरते म्हणून मागे कुणा ठेकेदाराने आणखी सिमेंटचा गिलावा केला होता. रोग्याला त्याच विषाची दुप्पट मात्रा.

अर्जासाठी आधी एक नमुन्याचा तुकडा करून दाखवावा लागला. तिथल्याच गवंड्याने केला. दरजा छिन्नी-हातोडीनेच मोकळ्या केल्या, ग्राइंडर नाही, कारण दगडाची कड एकदा कापली की परत येत नाही. दरज जेवढी रुंद त्याच्या दुप्पट तरी खोल जायचं, धूळ काढायची, ओलं करायचं, मग चुना-वाळू दाबून भरायची. थोडी आवळली की ताठ ब्रशने ठोकायची, म्हणजे वाळूचे कण उघडे पडतात. वरून ओलं गोणपाट टांगायचं, चुना हळूहळू धरावा म्हणून. थंडीत, पाच अंशांच्या खाली, हे काम करायचंच नाही. गवंड्याला मी म्हटलं, आमच्याकडे वाड्यांना चुना बैलाच्या घाणीत मळत आणि त्यात गूळ, हिरडा घालत. त्याने काम थांबवून विचारलं, गूळ म्हणजे काय? पुढच्या खेपेला ढेप नेऊन दिली. त्याने चहात घालून पाहिला आणि चुन्यात घालायला साफ नकार दिला.

अहवाल लिहिताना गोठ्यावरून वाद रंगला. सुतारकाकांचं म्हणणं, गोठा आधीपासून होता, घरासारखाच क्रकवर उभा. दगडाचा मागाहून झाला म्हणून सांधा तसा दिसतो. गोठ्याच्या भिंतीत तळाशी दगडाचे दोन मोठे टेकू आहेत, त्यांवर लाकडं बसत असावीत असं ते म्हणतात. मला ते नुसते मोठे दगड वाटतात. शेवटी अहवालात दोन्ही मतं छापली, माझं आधी, कारण टाइप मी करत होते.

मालकीणबाईंना प्रत दिली. आराखडा टेबलावर पसरून त्यांनी चष्मा लावला, गायब जिन्यावर बोट ठेवलं, 68 सेंटीमीटरच्या भिंतीवर ठेवलं, आणि मग दुभत्याच्या खोलीवर नेऊन विचारलं, “वॉशिंग मशीन इथे बसेल ना?” बसेल. दुधासाठी खोली उत्तरेला, फरशीला उतार बाहेरच्या गटाराकडे आधीपासून आहे. पाइपसाठी भिंतीला नवं भोक मात्र पाडायचं नाही. मागे कुणीतरी पाडलेलं एक आहे, तेच वापरा, असं मी पेन्सिलने कडेला लिहून दिलं.